पुराव्यातून वगळलेलं गाणं

गाण्याच्या मैफलीवर कुणी आदेश काढतं का? आमचे साहेब काढायचे.

मी तालुक्याच्या कोर्टात स्टेनो. साहेब आमच्याकडे न्यायाधीश म्हणून बदलून आले, त्याच्या आठ दिवस आधीच त्यांच्याबद्दलच्या दोन बातम्या भोरला येऊन पोचल्या होत्या. एक, निकाल वेळेवर देतात. दोन, गाण्यातलं फार कळतं, तेव्हा जरा सांभाळून. सांभाळून म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणालाच कळेना. आम्ही काय कोर्टात गात होतो थोडेच.

पुण्याच्या एका मासिकात ते संगीतावर लिहायचे. वरून रीतसर परवानगी काढून आणि टोपणनावानं. ते टोपणनाव कोर्टातल्या झाडूवाल्या मावशींनासुद्धा माहीत होतं, हा भाग वेगळा. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वारूळ सोडून पळापळ, म्हणून टंकायचं काम माझ्याकडे यायचं, सुट्टीच्या दिवशी आणि स्वतंत्र मोबदला देऊन. पहिलं परीक्षण मी टंकलं तेव्हा चुकून एखाद्या दाव्याचा कागद मिसळला की काय, असं वाटलं. त्यात लिहिलं होतं : ‘मुद्दा पहिला. गायिकेने रागाची ओळख पहिल्या दहा मिनिटांत पटवली काय? उत्तर, होय. मुद्दा दुसरा. त्यानंतरच्या पन्नास मिनिटांचे प्रयोजन सिद्ध होते काय? उत्तर, नाही. मुद्दा तिसरा. तबलावादकाने आपल्या अधिकारक्षेत्राचे उल्लंघन केले काय? उत्तर, वारंवार. आदेश. मैफल अंशतः मंजूर. खर्च ज्याचा त्याने सोसावा.’

मी हसू दाबत त्यांच्याकडे पाहिलं, तर ते गंभीर. यात हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

या लिहिण्यापायी त्यांची बढती अडकली, असं सगळे म्हणायचे. मागे कुठल्याशा गावी त्यांच्या वरच्या साहेबांच्या पत्नीचं गाणं झालं होतं आणि त्यावर यांनी ‘सबळ कारणाअभावी फेटाळण्यात येते’ असं छापून आणलं. मागून आलेले पुढे निघून गेले आणि हे तालुक्या-तालुक्यांतून फिरत राहिले. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, सबळ कारण खरंच नव्हतं हो, मी दोनदा तपासलं.

कोर्टात त्यांची उजव्या हाताची बोटं टेबलावर सारखी ठेका धरून असायची. वकिलांना हळूहळू त्याची भाषा कळायला लागली. बोटं संथ चालली आहेत तोवर साहेब ऐकताहेत. बोटं थांबली की समजावं, आपण तेच तेच बोलतोय. आणि तरीही कुणी थांबलं नाही तर ते नम्रपणे म्हणायचे, वकीलसाहेब, आता समेवर या. नसरापूरकडचे एक वयस्क वकील होते, बोलायला लागले की घाट चढून उतरल्याशिवाय थांबायचे नाहीत. त्यांनी महिनाभरानं मला बाजूला घेऊन विचारलं, ही सम म्हणजे कुठल्या कायद्यातली?

आणि पुकारा. आमचा शिपाई बबन पक्षकारांना हाक मारायचा ती एका दमात, पिशवी उपडी केल्यासारखी. बाहेर झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना आपलं नाव ओळखूच यायचं नाही, आणि गैरहजर म्हणून तारीख जायची. साहेबांनी बबनला जेवणाच्या सुट्टीत चेंबरमध्ये बोलावलं आणि पंधरा दिवस पुकारा शिकवला. पहिली हाक खाली, दुसरी मध्ये, तिसरी वर आणि वर गेल्यावर थोडी धरून ठेवायची. बबन आधी लाजून अर्धमेला झाला. पण नंतर त्याचा पुकारा एसटी स्टँडच्या दिशेनं पार रस्त्यापर्यंत जायला लागला आणि पुढे तो लग्नात मंगलाष्टकं म्हणायला जाऊ लागला. आजही जातो.

मला या माणसाचं कायम कुतूहल वाटायचं. मी वरव्याची. घरी शेती, गाणं म्हणजे भजन आणि लग्नातलं. त्यामुळे त्यांची विद्वत्ता माझ्या डोक्यावरून जायची. पण एकाच माणसात न्यायाधीश आणि गाणारा असे दोघं राहतात तेव्हा घरात कोणाचं चालतं, हे मला बघायचं असायचं. लवकरच दिसलं की न्यायाधीशाचं चालतं, आणि गाणारा त्याला वचकून असतो. महत्त्वाचा निकाल लिहायच्या आठवड्यात ते पेटीला हात लावायचे नाहीत. गोड गळ्याच्या साक्षीदाराची तर त्यांना भीतीच वाटायची. अशी साक्ष झाली की मला ती लगेच टंकून मागायचे आणि कागदावर पुन्हा वाचायचे. म्हणायचे, आवाज वजा करून वाचतो, नाहीतर कान फितूर होतात.

ते बंदिशी बांधायचे. दिवसाच्या कामाचा बोर्ड लागतो ना, त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, भाकरी खाता खाता. शब्द बहुधा ब्रजातले, चाल त्यांची. अशा ऐंशी-नव्वद तरी बंदिशी लाल फडक्यात बांधून ठेवल्या होत्या, प्रत्येकीला दाव्यासारखा क्रमांक. चार-पाच गायकांकडे त्यांनी पूर्वी पाठवून पाहिल्या होत्या. कुणी ‘छान आहे’ म्हणून परत केल्या, कुणी परतही केल्या नाहीत. मग तेच प्रत्येकीवर निर्णय द्यायला लागले. बंदिश पुरी झाली की महिनाभर ठेवायची, मग वाचायची आणि खाली लाल शाईनं लिहायचं, ‘दप्तरी दाखल’, म्हणजे प्रकरण मिटलं. सगळ्यांवर तेच. दुसऱ्यांना तरी अंशतः मंजूर देता, स्वतःला तेवढंही का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, दुसऱ्याची बाजू ऐकून घ्यावी लागते, माझी मला पाठ आहे.

आता साळूबाईंबद्दल सांगते.

हिर्डोशीच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक लहानशी वाडी आहे. वाडीची बाया-माणसं झऱ्यावरून पाणी आणायची ती रघुनाथ नावाच्या शेजाऱ्याच्या भातखाचरातल्या बांधावरून. रघुनाथनं खाचराला तारेचं कुंपण घातलं आणि वाट बंद झाली. आता झऱ्यावर जायचं तर खाली ओढ्यात उतरून पलीकडून चढायचं, जाऊन-येऊन तासभर जास्त. वाडीनं दावा लावला आणि त्यात साळूबाई पुढे होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, वाळक्या अंगाच्या, कमरेत थोड्या वाकलेल्या. सरकारी नकाशात ती वाट नव्हती. बाकीचे साक्षीदार पढवून आणल्यासारखे एकच वाक्य बोलून गेले. मग साळूबाई पिंजऱ्यात आल्या. रघुनाथच्या वकिलांनी विचारलं, वाट जुनी आहे हे कशावरून म्हणता?

“गान्यात हाय,” त्या म्हणाल्या.

वकील हसले, मागच्या बाकावरही हशा झाला. साहेबांची बोटं चालत होती ती थांबली. त्यांनी विचारलं, कोणतं गाणं? भातलावणीचं, त्यांच्या आजेसासूपासून चालत आलेलं. साहेब म्हणाले, म्हणा. साळूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, उभ्यानं कसं म्हनू, ते वाकून म्हनायचं असतं. तरी उभ्यानं म्हणा, असं साहेबांनी सांगितल्यावर त्यांनी कठड्याला धरलं, डोळे खाली लावले आणि म्हटलं.

आंब्याच्या ग खाचरात पयली मूठ लाविली,
बोरीच्या ग बांधावरनं वाट झऱ्याला गावली.

अशा आठ-दहा ओळी. खाचरांची नावं एकामागून एक, जशी चालताना लागतात तशी. मी शब्द उतरवून घेतले. शॉर्टहँडमध्ये चालीला काही खूण नसते, त्यामुळे शब्द संपले की माझी पेन्सिल थांबायची आणि त्यांचा सूर पुढे जात राहायचा. तो कुठे संपवायचा हे जणू त्या झऱ्याच्या पाण्याला विचारून ठरवत होत्या. संपल्यावर साहेबांनी पुढची साक्ष न घेता कोर्ट दहा मिनिटं आधी उठवलं. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

ती साक्ष त्यांनी मला लगेच टंकून मागितली आणि महिन्यानं निकाल दिला. तोही मीच टंकला. ‘गाणे हे श्रमपरिहाराचे साधन असून त्यास पुराव्याचे मूल्य देता येत नाही. दावा फेटाळण्यात येतो.’ व्हरांड्यात साळूबाईंनी मला विचारलं, काय म्हनलं सायेब? मी सोपं करून सांगितलं. त्या नुसतं बरं म्हणाल्या आणि परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारलं. मला त्यांच्याकडे बघवेना. माझा त्यात काही दोष नव्हता, तरी बघवेना.

थोड्याच दिवसांत साहेबांची बदली झाली आणि वर्ष-दीड वर्षात ते निवृत्त झाले. बायको पूर्वीच गेलेली, मुलगी परदेशात. सगळ्यांना वाटलं पुण्यात राहतील, गाण्याच्या गावात. तर हे पेटी आणि लाल फडकं घेऊन भोरला आले आणि भाड्यानं घर घेतलं. पुण्यात गाणं फार आणि ऐकायला वेळ कमी, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी मी त्यांच्याकडे टंकायला जाऊ लागले.

एका रविवारी गेले तर साहेब दारातच उभे. पायात चपला नाहीत, हातात मोबाईल. एरवी मोबाईल ते झुरळासारखा दोन बोटांत धरायचे. पुण्याच्या एका फार नावाजलेल्या गायिकेकडे त्यांनी एक बंदिश पाठवली होती. ती बाईंनी बसवली होती आणि घरी गाऊन ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. पुढच्या महिन्यात मोठ्या कार्यक्रमात त्या ती गाणार होत्या आणि पत्रिकेत रचनाकार म्हणून यांचं नाव छापणार होत्या. लाल फडक्यातला तो कागद साहेबांनी मला दाखवला. एवढ्या वर्षांत एकाच कागदावर लाल शाईत ‘मंजूर’ लिहिलं होतं, तो हा. ते म्हणाले, बाई, ही माझ्या हातून झालेली नाही, ही आपली आपण आली. साठी उलटलेला माणूस, पहिल्या नंबरानं पास झालेल्या मुलासारखा दिसत होता. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी ती लावली. राधा घागर घेऊन यमुनेवर निघाली आहे, असे काहीतरी शब्द होते. गायिकेचा आवाज मोठा सुंदर. आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी सूर जिथे शब्द सोडून पुढे गेला, तिथे माझा हात आपोआप थांबला. पेन्सिल थांबायची तसा.

मी काही बोलले नाही. आठवडाभर बोलले नाही. स्वयंपाक करताना, एसटीत, कोर्टात, तीच चाल डोक्यात. दुसऱ्या कुणी गावाकडची चाल न सांगता उचलली की साहेब काय लिहायचे ते मीच टंकलं होतं. ‘मालकी लपवून वहिवाट सांगता येत नाही’, असं एका मोठ्या रचनाकाराबद्दल लिहिलं होतं त्यांनी. सांगितलं तर त्यांच्या जन्माची एकुलती एक मंजूर बंदिश जाणार. नाही सांगितलं तर पत्रिकेवर नाव छापून येणार आणि मला ते खोटं आहे हे माहीत असणार. एकदा वाटलं, आपल्याला काय करायचंय, आपण टंकणारे. पण झोप काही नीट लागेना.

पुढच्या रविवारी मी दारातून आत गेल्या गेल्या सांगून टाकलं, बसले असते तर धीर सुटला असता. साहेब, ही चाल साळूबाईंची आहे. त्यांना आधी नावच आठवेना. मग आठवलं, आणि ते एकदम कोर्टात बसल्यासारखे ताठ झाले.

“तुम्हाला राग कळतात?”

“नाही.”

“मग कशावरून म्हणता?”

“मी समोर बसले होते, साहेब. तुम्हीही होता.”

त्यांनी मला म्हणून दाखवायला सांगितलं. मी जन्मात कुणासमोर गायले नव्हते. पण शब्द माझ्या बोटांतून गेले होते, ते विसरले नव्हते. आंब्याचं खाचर, बोरीचा बांध, फाटक्या आवाजात जसं जमेल तसं म्हटलं. तिसऱ्या ओळीला त्यांनी हातानं थांबवलं. बराच वेळ ते लाल फडक्याची गाठ सोडत आणि बांधत बसले. मग म्हणाले, “त्या दिवशी मला ते गाणं इतकं आवडलं की मी घाबरलो. वाटलं, आपण कानानं निकाल देणार. म्हणून आवाज वजा केला. आवाजाबरोबर तिची साक्षही गेली.”

म्हणजे गाणं आवडलं म्हणून न्यायाधीशानं ते बाहेर काढलं आणि आतल्या गाणाऱ्यानं मागच्या दारानं घरात घेतलं. दोघांनी एकमेकांना सांगितलंसुद्धा नाही. मला त्यांची दया यायला हवी होती, पण खरं सांगायचं तर संताप आला. तोंडातून निघून गेलं, “तुमच्या राधेला यमुनेवर जायला वाट तरी आहे, साहेब.” त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते.

माझ्यासमोरच त्यांनी गायिकेला फोन लावला आणि बंदिश मागे घेतो म्हणाले, मालकी वादात आहे. बाई चांगल्या होत्या, त्यांनी समजूत घालायचा प्रयत्न केला. लोकगीतांवरून सगळेच घेतात, असं त्या म्हणत असाव्यात, कारण साहेब म्हणाले, सगळ्यांवर मीच तर लिहिलंय. फोन ठेवला, कागदावरचं ‘मंजूर’ खोडलं आणि ‘स्थगित’ लिहिलं. कार्यक्रमाला मात्र ते गेले. तिकीट काढून गेले, दुसरीच बंदिश ऐकली आणि चांगलं परीक्षण लिहिलं.

त्याआधी आम्ही हिर्डोशीला गेलो. वरंध्याकडे जाणाऱ्या सकाळच्या एसटीनं, आणि पुढे चालत. साळूबाई अंगणात नाचणी वाळवत होत्या. त्यांनी साहेबांना ओळखलं नाही, मला ओळखलं. ओळख सांगितल्यावर त्यांनी घोंगडी टाकली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला. साहेब बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न लपवता. तुमची चाल मी माझी म्हणून पाठवली, चूक झाली, आता ती तुमच्या नावानं गायली जाईल, त्यासाठी एकदा पुन्हा नीट ऐकवा. साळूबाई नाचणीत हात फिरवत ऐकत होत्या.

“तवा तुमी म्हनलावता, गान्याला काय आधार न्हाई,” त्या म्हणाल्या. “मंग नेलंत कशाला?”

“आवडलं म्हणून.”

“आवाडलं तर खरं मानायचं व्हतं.”

त्या भांडत नव्हत्या, चढ्या आवाजात बोलत नव्हत्या. साहेबांनी पुन्हा गाण्याचं विचारलं. साळूबाई म्हणाल्या, “आदी वाट. मंग गानं.”

आपण आता कोर्टात नाही, आपल्या हातात काही नाही, असं साहेब सांगू लागले. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि चहा घ्या म्हणाल्या. मग पाण्याची वेळ झाली म्हणून हंडा-कळशी घेऊन निघाल्या तर साहेबही मागोमाग निघाले. मी समोरचा उतार दाखवून पाहिला, एसटी चुकेल असंही सांगितलं, पण साहेब ऐकेनात. ओढ्यात उतरायची वाट निसरडी, पलीकडचा चढ उभा. साहेब दोनदा बसले. साळूबाई थांबल्या, पुन्हा निघाल्या. तारेच्या कुंपणाआड ती बांधावरची सरळ वाट आम्हाला जाता-येता दिसत होती, गवत वाढलेली. परत येताना साहेबांनी कळशी मागितली. त्यांनी दिली नाही. सांडवाल, म्हणाल्या.

एसटीत ते भोर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, रविवारी जरा लवकर या, मोठं काम आहे.

ते काम म्हणजे अपिलाचा मसुदा. वाडीच्या वतीनं, स्वतःच्याच निकालाविरुद्ध. मुदत कधीच टळून गेली होती, म्हणून आधी उशीर माफ करण्याचा अर्ज आणि मग अपील. साहेब सांगायचे आणि मी टंकायची. स्वतःला ते ‘खालचे कोर्ट’ म्हणायचे. खालच्या कोर्टाने हे विचारात घेतले नाही, खालच्या कोर्टाने ते गृहीत धरले. वाटेसारख्या सगळ्या गावाच्या हक्काबद्दल मेलेली माणसं काय सांगून गेली ते ऐकायला कायदा परवानगी देतो, मग ते बोलून सांगो की गाऊन, हे खालच्या कोर्टाला माहीत असायला हवे होते. एकदा त्यांनी ‘खालच्या कोर्टाला कान होते, पण धीर नव्हता’ असं सांगितलं. मी टंकायचं थांबवलं आणि म्हटलं, साहेब, हे अपील आहे. त्यांनी निमूटपणे ते वाक्य काढून टाकलं. चार रविवार हे चाललं. त्यांची सगळी परीक्षणं मी टंकली आहेत. इतकं कठोर आणि इतकं नेमकं त्यांनी दुसरं काही लिहिलं नाही.

सही करायला एक तरुण वकील तयार झाला, पण बिचकत. साहेब, निकाल तर तुमचाच आहे, तो म्हणाला. म्हणून तर त्यातलं कच्चं काय ते मला ठाऊक, साहेब म्हणाले. आपलं नाव कुठे येऊ द्यायचं नाही, एवढीच त्यांची अट. नाव आलं नाही, आणि भोरात सगळ्यांना कळलं. वकिलांच्या खोलीत चर्चा झाली. म्हाताऱ्याला चळ लागला असं निम्मे म्हणाले. ते नसरापूरकडचे वयस्क वकील मात्र म्हणाले, मला आत्ता कळली सम. साहेबांच्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन बंद झाले. एकानं पत्र पाठवलं, न्यायासनाची अप्रतिष्ठा वगैरे. ते त्यांनी वाचलं, मला दाखवलं आणि ठेवून दिलं. त्यांना लागलं होतं, ते त्यांच्या पेटीवरून कळायचं. महिनाभर पेटी बंद होती.

उशीर माफ झाला. अपील दाखल झालं आणि मध्यस्थाकडे गेलं. मध्यस्थानं दोन्ही बाजूंच्या घरच्यांना बोलावलं. रघुनाथची आई साळूबाईंहून वयानं मोठी, कानानं बहिरी. तिला ओरडून विचारलं, आजी, तुमच्या खाचरात लावणीला कोणतं गाणं म्हणतात? तिनं लेकाकडे न बघता आंब्याचं खाचर आणि बोरीचा बांध म्हणून दाखवला. त्यावर रघुनाथनं मान खाली घातली. बांधाच्या कडेनं तीन फुटांची वाट सोडायची असं लिहून झालं आणि तारेत फाटक बसलं.

आषाढात साळूबाईंचा निरोप आला, सुनेच्या मोबाईलवरून. सायबास्नी म्हनावं, लावनीला या.

आम्ही गेलो. फाटकातून आत शिरून बांधाच्या वाटेनं गेलो. साहेब छत्री धरून बांधावर एका दगडावर बसले. बाया गुडघाभर चिखलात ओळीनं उभ्या होत्या, पाठीवर पावसासाठी पानांची इरली आणि प्लॅस्टिकचे कागद. साळूबाईंना सून नको नको म्हणत होती, तरी त्या खाचरात उतरल्या. वाकल्या, रोपांची मूठ लावली आणि म्हणायला लागल्या. बाकीच्यांनी उचललं. कोर्टात ऐकलं होतं त्यापेक्षा ते वेगळं होतं. वाकलेल्या माणसाचा श्वास तुटतो तिथे सूर तुटत होता आणि पुढची बाई तो उचलत होती. मी साहेबांकडे पाहिलं. खिशात पेन होतं, कागद असणारच. त्यांनी काही लिहिलं नाही, बोटंही हलवली नाहीत. खाचर पुरं होईपर्यंत ते तसेच बसून राहिले आणि छत्री कधी कलंडली ते त्यांना कळलं नाही.

परतताना मी विचारलं, साहेब, मग काय म्हणता? मला वाटलं, आता मुद्दे निघतील, मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा.

“आज मी साक्षीदार आहे, बाई,” ते म्हणाले. “साक्षीदारानं मत द्यायचं नसतं. ऐकलं तेवढं सांगायचं.”

“मग सांगा, काय ऐकलंत?”

ते वाटेवर थांबले. अंगावरचे कपडे ओले, चष्म्यावर पाणी. शपथेवर उभं राहिल्यासारखे सरळ झाले आणि सावकाश, एकेक शब्द मला लिहून घेता यावा असं म्हणाले, “आंब्याच्या खाचरापासून बोरीच्या बांधावरून झऱ्यापर्यंत वाट आहे.”